बोल्ट जर्मनीला पाठवायचाय? आधी चहाच्या शेगडीचे अक्षांश-रेखांश काढा

मंगळवारी दुपारी दोन वाजता, बाहेर ४५ डिग्री, शेडमधे किती ते विचारू नका, पुण्याच्या पार्टीचा मेल आला. ही पार्टी आमच्याकडून नट-बोल्ट घेते अन पुढं जर्मनीला पाठवते. आम्ही नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत १४ माणसांत धंदा करतो, महिन्याला जेमतेम अर्धा टन माल त्यांना जातो. मेलची सुरुवात 'प्रिय भागीदार' अशी होती, तेव्हाच समजलं की काहीतरी गळ्यात पडणार आहे. दहा वर्षं पेमेंटसाठी फोन केला तर साहेब मीटिंगमधे असतात, आज एकदम भागीदार! सोबत एक एक्सेल, तुमच्या बोल्टमागं कार्बन किती निघतो ते युरोपला कळवायची. ११ शीट. चौथ्या शीटवर रकाना: तुमच्या मुख्य उत्सर्जन स्रोताचे अक्षांश-रेखांश.

मी अन गजाननभाऊ उठलो, अन मुख्य उत्सर्जन स्रोत शोधत सगळा कारखाना फिरलो. तीन मिनिटं लागली. एक डिझेल जनरेटर आहे, लाइट गेली की चालतो. एक छोटी गॅसची भट्टी आहे, आठवड्यातून दोन दिवस. अन एक चहाची शेगडी आहे, जी सकाळी आठला पेटते ती संध्याकाळशिवाय विझत नाही. गजाननभाऊ म्हणाले, "भाऊ, शेगडीच लिहून टाका. इमानदारीनं सगळ्यात जास्त तेच चालते."

तर चार दिवस त्या एक्सेलशी कुस्ती खेळून मी आता आंतरराष्ट्रीय व्यापार आणि पर्यावरण ह्या विषयातला माणूस झालेलो आहे. कन्सल्टंटनं ह्याच कामाचे ८५ हजार अधिक जीएसटी सांगितले होते. मी तुम्हाला फुकट सांगतो. लिहून घ्या.

पहिली गोष्ट, पृथ्वी तुमच्यामुळं तापली हे मान्य करा. उगाच वाद घालू नका. इंग्लंड-जर्मनीनं शे-दीडशे वर्षं कोळसा जाळला तिला औद्योगिक क्रांती म्हणतात, आपल्याला शाळेत धडा होता, पाच मार्कांचा. तुम्ही लाइट गेल्यावर जनरेटर सुरू करता त्याला उत्सर्जन म्हणतात. १९९२ ला रिओत सगळे देश जमले होते अन ठरलं होतं की जबाबदारी सगळ्यांची, पण ज्यानं जास्त घाण केली अन ज्याची ऐपत जास्त त्यानं जास्त उचलायची. छान ठरलं होतं. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमधे पण असंच छान ठरते.

ह्या एक्सेलमागच्या युरोपच्या कायद्याचं नाव सीबीएएम, पण बोलताना 'सीबॅम' म्हणा, माहीतगार वाटता. युरोपात कारखानदाराला कार्बनचा पैसा भरावा लागतो, मग बाहेरून येणाऱ्या स्वस्त मालानं तरी काहून सुटावं, असा त्यातला हिशेब. लोखंड-पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खत, हायड्रोजन अन वीज, एवढ्यावर सध्या आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती मागायची रंगीत तालीम चालू होती, १ जानेवारी २०२६ पासून खरा खेळ. अन पोलाद म्हटलं की त्यात आपला कस्टमच्या ७३१८ नंबरचा नट-बोल्ट पण आला. मला वाटलं होतं टाटा-जिंदलवाल्यांचं लफडं आहे, आपल्याला काय. नाही नं राजेहो.

दुसरा सल्ला, मालाची कुंडली मागा. बोल्टचा कार्बन म्हंजे नुसता तुमच्या कारखान्यातला नाही, ज्या वायर रॉडपासून बोल्ट बनला त्याचा पण धरायचा, आणि खरं सांगायचं तर ९० टक्के दुखणं तिथंच आहे. आमचा रॉड रायपूरकडून येतो, व्यापाऱ्यामार्फत. मी व्यापाऱ्याला फोन लावला, म्हटलं सेठ, हा रॉड कोणत्या भट्टीतला, स्पंज आयर्न किती, स्क्रॅप किती, टनामागं कार्बन किती. तिकडून दहा सेकंद शांतता. मग म्हणाले, "भाईसाब, माल चाहिए या माल की जनमकुंडली?" म्हटलं कुंडलीच पाहिजे. "तो पंडित को फोन करो," अन ठेवला.

तिसरा. माहिती नाही मिळाली तर घाबरू नका, सोय केलेली आहे. डीफॉल्ट आकडा टाकतात. म्हंजे तुमच्या देशातला सगळा माल किती घाणेरडा असंल ते तिकडं बसून ठरवून ठेवलंय, त्यावर थोडी दंडासारखी भर टाकायची अन तो आकडा तुमच्या कपाळावर चिकटवायचा. तुम्ही स्वच्छ असा नाहीतर नसा, सिद्ध करायची अक्कल अन पैसा नसंल तर तुम्ही घाणेरडे. जे गावात पाटलाच्या वाड्यात चोरी झाली की व्हायचं तेच.

चौथा. लहान्यांना सूट आहे, तिचा फायदा घ्या! वर्षाला ५० टनापर्यंत माफ. मी हे वाचून खुर्चीतून उठलोच, आपण तर सहा टन पाठवतो, गजाननभाऊंना म्हटलं आज भजे मागवा. भजे आले तोवर पुढची ओळ वाचली. सूट लहान कारखान्याला नाही, तिकडच्या लहान आयातदाराला आहे. जो जर्मन साहेब आमचा माल घेतो तो जगभरातून ५० टनाच्या कितीतरी वर घेतो, म्हणून आमचे सहा टन पण मोजायचे. भजे खाल्ले मग, आता आणलेच होते तर.

पाचवा सल्ला, काय मोजायचं अन काय नाही ते नीट समजून घ्या, कारण इथं भल्याभल्यांची फसगत होते.

मी शेगडीचा गॅस मोजला. जनरेटरचं डिझेल मोजलं, लिटरमागं पावणेतीन किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरतात. मग मोठ्या प्रामाणिकपणे लाइट बिल काढलं, कारण आमच्या मशिनी चालतात विजेवर, अन नागपुरात वीज म्हटलं की कोराडी अन खापरखेडा, म्हंजे कोळसा. खरा धूर तिथं आहे हे शाळेतल्या पोराला माहीत आहे. बिल घेऊन बसलो, आकडे टाकले, अन आमच्या अकाउंटवाल्या पोट्ट्यानं मला थांबवलं, "काका, विजेचं नाही धरायचं. रंगीत तालमीत विचारत होते, आता पोलादासाठी फक्त डायरेक्ट, कारखान्यात जळतं तेवढंच." मी म्हटलं बावळटा, नीट वाच. त्यानं नीट वाचलं. मी पण वाचलं. खरंच नाही धरायचं! सिमेंटला अन खताला विजेचा धूर धरतात, पोलादाला नाही. जुनं भंगार आणा, त्याचा कार्बन शून्य धरतात, ते विजेच्या भट्टीत वितळवा, अन ती वीज भले भुसा कोळशाची असो, तुमचं लोखंड कागदावर धुतल्या तांदळासारखं.

हे वाचत होतो तेव्हा घरून फोन आला. आमचं घर झिंगाबाई टाकळीत, कोराडी रोडकडं. आईनं गच्चीवर कुरडया टाकल्या होत्या, सकाळी पांढऱ्याशुभ्र, दुपारी त्यावर राख. बारीक करडी. आई म्हणाली पुन्हा झटकून पाहिल्या, जात नाही रे, त्यात बसली. दरवर्षीचंच आहे, नवीन काही नाही, गच्चीवरच्या टाकीचं झाकण पुसलं तर फडकं कसं होते ते उत्तर नागपूरवाल्यांना सांगायला नको. पण त्या दिवशी माझ्यासमोर एक्सेल उघडी होती ज्यात माझ्या चहाच्या शेगडीचे अक्षांश-रेखांश सहा दशांशापर्यंत मागितले होते, अन ज्या चिमणीतली राख माझी आई कुरडईतून वेचत होती तिच्यासाठी एक रकाना नव्हता. ११ शीटमधे एक रकाना नाही! बोल्ट हिंगण्याहून ट्रकनं पुण्याला जातो, पुण्याहून न्हावाशेवाला, तिथून जहाजानं हॅम्बर्गला, अन लाल समुद्रात गडबड चालू असली की अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून, त्या डिझेलचा, त्या जहाजाच्या तेलाचा पण ह्या एक्सेलात रकाना नाही. शेगडीचा आहे.

आता तुम्ही म्हणाल युरोपवाले लबाड आहेत. थांबा, आपले पण सांगतो. कोळशाच्या धुरातलं सल्फर पकडायचं यंत्र असते, एफजीडी म्हणतात. डिसेंबर २०१५ मधे आपल्याच सरकारनं नियम केला की सगळ्या प्लांटांनी दोन वर्षांत धुराचं माप पाळायचं. मग मुदत वाढली. मग पुन्हा वाढली. मग अजून वाढली. अन जुलै २०२५ ला सांगितलं की देशातल्या बहुतेक प्लांटांना आता लावायची गरजच नाही. झालं! दहा वर्षं अभ्यास न करणाऱ्या पोराची परीक्षाच रद्द. कोराडीला आहे त्यावर ६६० मेगावॅटचे अजून दोन संच टाकायचे म्हणून २०२३ च्या मे महिन्यात जनसुनावणी घेतली, मे महिन्यात, नागपुरात, लोकांनी यावं म्हणून. २०२२ च्या पावसाळ्यात कोराडी प्लांटचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, राखेचं पाणी शेतात, नाल्यात, कन्हान नदीमधे. अन हे सगळं त्या शहरात जिथं नीरी आहे, देशाची पर्यावरणाची मोठी प्रयोगशाळा, आपण लहानपणी तिथून सायकलनं जायचो.

जाऊ द्या. सल्ला देतोय मी.

कितवा झाला? सहावा. वर पाहा. आमच्या शेडवर वडिलांनी ९४ साली टाकलेला सिमेंटचा पत्रा आहे. म्हंजे अ‍ॅस्बेस्टॉस. फ्रान्सनं १९९७ पासून हे बंद केलं, फुप्फुसाचा कॅन्सर होतो म्हणून. तर कॅनडाला राग आला, कारण खाणी कॅनडाच्या, अन तो जागतिक व्यापार संघटनेत फ्रान्सविरुद्ध केस घेऊन गेला, की माल घेत नाही म्हंजे काय! २००१ ला हरला. निकाल चांगला होता, लोकांच्या जिवासाठी आयात थांबवता येते असं मान्य झालं. मग कॅनडानं काय करावं? ज्यांनी बंदी घातली नव्हती त्यांना विकत राहिला. आपल्याला. स्वतःकडं २०१८ ला बंदी घातली, खाणी बंद पडल्यावर. आपण आपल्या खाणी कधीच्या थांबवल्या पण बाहेरून आणून पत्रे बनवायला आजपण काही हरकत नाही. मला पत्रा बदलायचाय. भाव काढला, साडेचार लाख. कन्सल्टंटचे ८५ हजार वाचवले तर सुरुवात होईल.

सातवा, शेतकरी भावांसाठी. माझा मावसभाऊ काटोलचा, संत्र्याचा बगीचा आहे, त्याला युरोपात संत्रं पाठवायचं खूळ होतं. त्याला एकानं नियमांची यादी दिली. क्लोरपायरीफॉस औषधाचा अंश किलोमागं ०.०१ मिलिग्रॅमच्या वर नको. २०२० मधे युरोपनं ते औषध बंद केलं, लहान पोरांच्या मेंदूवर परिणाम होतो म्हणून, बरोबरच केलं. पण मावसभाऊ जिथून औषध घेतो त्या दुकानात ते खुलेआम आहे, दुकानदार स्वतः देते. अन गंमत अशी की पॅराक्वाट नावाचं तणनाशक युरोपात २००७ पासून वापरायला बंदी, पण इंग्लंडमधे बनवून बाहेर पाठवायला मोकळीक. गिऱ्हाईक कोण? आपण पण. बनवायचं तिथं, फवारायचं इथं, अन फवारलेलं फळ तिकडं गेलं की मशीन लावून म्हणायचं, शी, ह्यात औषध आहे! २०१७ ला यवतमाळात फवारणीनं २० च्या वर माणसं मेली. तेव्हा ज्या औषधांची नावं निघाली त्यात डायफेन्थियुरॉन होतं, जे स्वित्झर्लंडमधे वापरायला बंद होतं पण तिथून इकडं पाठवायला चालत होतं. ती निर्यात त्यांनी २०२१ पासून बंद केली. यवतमाळच्या चार वर्षांनंतर. अन धोकादायक औषध पाठवण्याआधी घेणाऱ्या देशाला विचारायचं अशी रॉटरडॅमची जी जागतिक यादी आहे, तिच्यात पॅराक्वाट घालायचा विषय निघाला की विरोध करणाऱ्यांत कोण असते? आपलाच देश. आम्हाला विचारू नका, असंच पाठवा, असं आपणच सांगतो बाप्पा.

आठवा. अन्याय झाला तर कोर्टात जा. जागतिक व्यापाराचं कोर्ट जिनिव्हात आहे. तिथं कलम २० आहे, १९४७ च्या ग्याट नावाच्या व्यापार करारातलं, त्यात लिहिलंय की माणूस, जनावर, झाडं वाचवायला व्यापार अडवता येतो, फक्त त्याआडून स्वतःची दुकानदारी करायची नाही. आपण एकदा गेलो होतो, कोळंबीसाठी. अमेरिका म्हणे तुमच्या जाळ्यात समुद्री कासव मरते, तुमची कोळंबी नको. १९९८ ला निकाल लागला की कासव वाचवणं ठीक, पण सगळ्या देशांना सारखं वागवलं नाही हे चूक. बरं झालं. मग सोलरचं घ्या. आपण म्हटलं सरकारी योजनेत पॅनल देशातलंच वापरा, अमेरिकेनं केस लावली, २०१६ ला आपण हरलो. मग आपण अमेरिकेच्या आठ राज्यांवर तशीच केस लावली, २०१९ ला जिंकलो. अमेरिकेनं अपील टाकलं. अन त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून अपील ऐकायला जजच नाहीत, कारण नवीन जज नेमू देत नाही कोण, तर अमेरिका. फाइल तिथंच पडून राहिली, शेवटी २०२३ ला दोन्ही देशांनी आपसात मिटवून टाकली. आपल्याकडच्या तहसीलला उगाच नावं ठेवतो आपण.

नववा, सेमिनारला जा. जेवण चांगलं असते.

आता तो सेमिनार पण सांगूनच टाकतो. वर्धा रोडवरचं हॉटेल, एसी एवढा की दात वाजत होते, प्रत्येकासमोर प्लॅस्टिकची छोटी बाटली, अन स्टेजवर एक टायवाले साहेब 'ग्रीन ट्रान्झिशन ही एमएसएमईसाठी संधी आहे' म्हणत होते. मी हात वर करून विचारलं, रायपूरवाला आकडा देत नाही, काय करू? साहेब म्हणाले, सप्लायरसोबत एंगेज करा. म्हटलं केलं, पंडितला फोन करा म्हणाला. लोक हसले. साहेब म्हणाले छान प्रश्न, पुढचा प्रश्न. मग ज्या सरकारी ऑफिसात निर्यातदारांना मदत मिळते असं सांगितलं तिथं गेलो, त्यांनी मला सीबॅमचा फुल फॉर्म विचारला. मी सांगितला. त्यांनी लिहून घेतला. निघताना म्हणाले, नवीन काही समजलं तर आम्हाला पण कळवा. अन टीव्हीवर मंत्री सांगताहेत की युरोपची ही दादागिरी आम्ही खपवून घेणार नाही. साहेब, दादागिरी आहे हे खरं, पण दादा दारात येऊन उभा आहे अन तुमच्या ऑफिसातल्या माणसाला त्याचं नाव माहीत नाही!

आता उपरोध पुरे झाला, सरळ बोलतो, कारण चार दिवस झोप नाही.

युरोपनं कार्बनला किंमत लावली हे चूक नाही. ऐकायला वाईट वाटेल, पण नाही. घाण फुकट असली की माणूस करतोच, मी पण करतो. चूक ही आहे की तिचं बिल ज्याच्याकडं वकील नाही, कन्सल्टंट नाही, त्याच्या टेबलावर एक्सेल करून टाकायचं, जमा झालेला पैसा आपल्या तिजोरीत ठेवायचा, अन ज्यांच्या भट्ट्या बदलायच्या त्यांना एक रुपया द्यायचा नाही. मोठे प्लांट काय करतील सांगू? स्वच्छ भट्टीतला माल युरोपला पाठवतील अन धुराचा माल तुम्हा-आम्हाला विकतील. धूर तेवढाच राहणार. फक्त तो इथं राहणार.

अन तुम्ही! हो, तुम्हीच, जे हे वाचून 'गोऱ्यांची नवी गुलामी' म्हणून फॉरवर्ड करणार आहात. गोऱ्यांनी बहुतेक प्लांटांना सल्फरचा नियम माफ केला का? राखेचा बंधारा गोऱ्यांनी फोडला? नागनदीत संडास गोरे सोडतात? कोणी बाहेरचा बोलला की आपला स्वाभिमान जागा होते, अन आपल्याच फुप्फुसासाठी आपल्याच सरकारला प्रश्न विचारायचा म्हटलं की आपल्याला लग्नाला जायचं असते. जनसुनावणीला मी पण गेलो नव्हतो, खरं सांगतो, ऊन होतं. सकाळी सहाला घरासमोर पाला अन पन्न्या जाळता अन मग मास्क लावून फिरायला निघता, लाज वाटत नाही? जर्मन माणूस माझ्या बोल्टमधला धूर ग्रॅममधे मोजतो, कारण त्याला काहीतरी पडलेली आहे, भले स्वतःच्या फायद्यासाठी असो. आपल्याला आपल्या आईच्या कुरडईतली राख मोजायची पडली नाही. त्या सगळ्या कुरडया आईनं काल फेकल्या. पाच किलो गव्हाचा चीक होता.

चौथी शीट अजून रिकामी आहे. पुण्याहून सकाळपासून तीनदा फोन येऊन गेला, आता चौथ्यांदा वाजतोय. गजाननभाऊ शेगडीपाशी मोबाइल धरून उभे आहेत, अक्षांश सांगताहेत. टाकतो तोच.